मेघदूतावर कथकची पहिली समूहरचना बसवायची आहे. सुरुवात कुठून करू, आणि ताईंना कधी काय दाखवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात कथक शिकता, विशारद झालं आहे. वर्गाच्या कार्यक्रमासाठी सहा मुलींची सात मिनिटांची रचना तुम्ही स्वतः बसवावी आणि त्या मार्गदर्शन करतील, असं तुमच्या गुरू असलेल्या ताईंनी सांगितलं आहे. मेघदूताचे पहिले चार श्लोक घ्यायचं मनात आहे. तोडे, परण, गत असं कथकचं ठरलेलं साहित्य सगळं येतं, पण बसवायला कुठून लागावं ते कळत नाही.

आधी श्लोक कमी करा. चार श्लोक सात मिनिटांत बसत नाहीत. का ते हिशेबानंच कळेल, आणि तो हिशेब हाच तुमच्या रचनेचा पाया आहे.

मेघदूत सबंध मंदाक्रांता वृत्तात आहे. चरणात १७ अक्षरं, यती म्हणजे थांबण्याची जागा चौथ्या, दहाव्या आणि सतराव्या अक्षरावर, म्हणजे ४, ६ आणि ७ असे तुकडे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन धरल्या की पहिला तुकडा ८ मात्रांचा (चारही गुरू), दुसरा ७ चा (पाच लघू आणि एक गुरू) आणि तिसरा १२ चा. एकूण २७. आता दुसऱ्या तुकड्यानंतर १ मात्रा आणि तिसऱ्यानंतर ४ मात्रा रिकाम्या सोडा. ८, मग ७ आणि १, मग १२ आणि ४, अशा बरोबर ३२ मात्रा होतात. सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं, म्हणजे दोन फेऱ्या. पहिला तुकडा समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर सुरू होतो, दुसरा खालीवर म्हणजे नवव्या मात्रेवर, आणि तिसरा पुन्हा समेवर.

'आषाढस्य प्रथमदिवसे मेघमाश्लिष्टसानुं' हा चरण हातावर ताल धरून म्हणून पाहा. 'आषाढस्य' आठ मात्रांत. 'स्य' लघू वाटतो, पण पुढे 'प्र' हे जोडाक्षर असल्यामुळे तो गुरू होतो आणि दोन मात्रा घेतो. बहुतेकांचा हिशेब इथेच एका मात्रेनं चुकतो. खालीवर 'प्रथमदिवसे'. सोळावी मात्रा रिकामी. आणि समेवर 'मेघ'. ढग समेवर येतो! त्याच्या आधीची एक मात्रा निःशब्द असते. एवढं मिळाल्यावर तिथे वेगळं नाट्य घालायची गरजच उरत नाही.

आता वेळ काढा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एक आवर्तन १२ सेकंदांचं, एक चरण २४ सेकंदांचा. चार श्लोकांचे सोळा चरण म्हणजे ६ मिनिटं २४ सेकंद, तेही प्रत्येक चरण एकदाच म्हणून. मग नाचायला जागा कुठे राहिली? म्हणून माझा सल्ला असा: पहिला श्लोक ठेक्याशिवाय नुसता म्हणावा, मंचावर एकच मुलगी, ४० सेकंद. दुसरा श्लोक तालात, प्रत्येक चरण दोनदा: पहिल्यांदा शब्दाचा सरळ अर्थ, दुसऱ्यांदा त्याचा विस्तार. हे १९२ सेकंद. मग त्याच ८० च्या लयीत गत या प्रकाराची सहा आवर्तनं, ७२ सेकंद. मग दुप्पट करून १६० ला बारा आवर्तनं, तीही ७२ सेकंद. शेवटी पुन्हा ८० ला उतरून चौथा चरण एकदा, २४ सेकंद. बेरीज ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंद. उरलेले वीस सेकंद प्रवेशाला आणि अंधाराला लागतातच.

लय ८० वरून थेट १६० का, मध्ये १२० का नको? ८० ची दुप्पट कान लगेच पकडतो. ८० वरून १२० ला जायचं तर दीडपट होते, तेव्हा आधीचं एक आवर्तन आडलयीत, म्हणजे दीडपटीत, करून कान तयार करावा लागतो. तेही जमतं. पण १२० वरून १६० ला सहा जणींना एकत्र उडी मारायला लावलीत तर दोघी पुढे जातात, दोघी मागे राहतात. पहिल्याच रचनेत तो धोका घेऊ नका.

आता अर्थाकडे. पहिल्या श्लोकात ढग नाही. चुकलेला यक्ष, वर्षाचा शाप, सीतेच्या स्नानानं पवित्र झालेलं पाणी, दाट सावलीची झाडं आणि रामगिरीवरचे आश्रम एवढंच आहे. पहिल्या सुरालाच दोन्ही हातांनी मेघ दाखवणं ही मेघदूतावरच्या रचनांमधली नेहमीची चूक. पुढे समेवर येणाऱ्या ढगाची सगळी वाट पाहणं त्यानं फुकट जातं. ढग दुसऱ्या श्लोकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत, म्हणजे 'आषाढस्य'पर्यंत, राखून ठेवा.

आणि त्याच श्लोकाच्या दुसऱ्या चरणावर सगळ्यात जास्त वेळ घालवा: 'नीत्वा मासान्कनकवलयभ्रंशरिक्तप्रकोष्ठः'. विरहानं यक्ष इतका वाळला की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं आणि मनगट रिकामं राहिलं. यती कुठे पडते पाहा. 'कनकवलय' खालीपासून सुरू होऊन पंधराव्या मात्रेला संपतं, सोळावी मात्रा रिकामी, आणि 'भ्रंश' समेवर. कडं आणि त्याचं गळणं यांच्यामध्ये एका मात्रेची पोकळी आहे. ८० च्या लयीत ती पाऊण सेकंदाची असते.

मी हे असं बसवायला सांगेन. नवव्या मात्रेला डावा हात कोपरातून उभा, खांद्याच्या उंचीला. उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट यांचं कडं करून ते डाव्या मनगटाभोवती. पाच लघू अक्षरांना पाय स्थिर ठेवा. इथे प्रत्येक अक्षराला एकेक ततकार, म्हणजे पायाचा आघात, घालायचा मोह होतो, पण सहा जणींचे घुंगरू वाजले की शब्द बुडतो. चौदा-पंधराला 'य' लांबवताना डावा हात हळूच खाली कलतो. सोळाला कोणी हलायचं नाही. समेला बोटांचं कडं पंज्यावरून सरकून बाहेर येतं, कातडीला न लागता. घासून आलं तर घट्ट कडं काढल्यासारखं दिसतं, आणि मनगट बारीक झालंय हा अर्थच जातो. नंतर नजर कुठे? बहुतेक मुली खाली जमिनीकडे बघतात, कारण वस्तू पडली की आपण तसं बघतो. पण कवीचा शब्द 'रिक्तप्रकोष्ठ' आहे. नजर उघड्या मनगटावरच राहू द्या.

पहिल्यांदा हे पुढच्या एकटीनं करावं, बाकीच्या पाच स्तब्ध. दुसऱ्यांदा तीन जोड्या पाडा: पहिल्या जोडीचं कडं 'भ्रं' वर गळतं, दुसरीचं 'रिक्' वर म्हणजे चौथ्या मात्रेला, तिसरीचं 'को' वर म्हणजे नवव्या मात्रेला. हालचाल तीच, पण आता ती एकाची राहत नाही, महिने गेल्याचं दिसतं.

समूह म्हणजे काय ते इथे नीट कळेल. कथक मुळात एकट्यानं नाचायचं नृत्य. तुम्ही शिकलेला प्रत्येक तोडा एका शरीरासाठी, मंचाच्या मध्यासाठी बांधलेला आहे. तो सहा जणींना एकाच वेळी करायला लावला तर वर्गातला रियाज दिसतो, रचना दिसत नाही. कथकात समूहाचा विचार गेल्या शतकात घडला: १९३० च्या दशकात मॅडम मेनका यांनी नृत्यनाट्यं केली, पुण्यात १९४७ मध्ये नृत्यभारती स्थापन करणाऱ्या रोहिणी भाटे यांनी रचनेवर बारकाईनं काम केलं, अहमदाबादच्या 'कदंब' या संस्थेत कुमुदिनी लाखियांनी समूहरचनेला वेगळं वळण दिलं. त्यांच्या रचनांची चित्रणं मिळतील ती पाहा, आणि पाहताना पावलं लिहू नका. कोण कुठे उभं आहे आणि कोण थांबलेलं आहे, एवढंच लिहा. आपल्याकडे कालिदास महोत्सवात किंवा दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्रमांत समूहनृत्य असेल तेव्हा मागच्या रांगेत बसा. आकृत्या तिथूनच दिसतात.

जागेचा हिशेब मात्र निष्ठुर आहे. हात पसरून चक्कर घ्यायला प्रत्येकीला सहा फुटांचं वर्तुळ मोकळं हवं. सहा जणी एका रांगेत म्हणजे ३६ फूट. तेवढी वापरता येण्याजोगी रुंदी सगळ्या मंचांना नसते, म्हणून जिथे चक्कर आहे तिथे तीन-तीनच्या दोन रांगा करा, मागच्या पुढच्यांच्या फटीत, रांगांत सहा फूट अंतर. कार्यक्रम कुठे आहे ते आजच विचारा आणि पडदे, विंगा वगळून उरणारी रुंदी-खोली फुटांत लिहून घ्या. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह आणि सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह यांच्यासाठी एकच आकृती जशीच्या तशी चालेल असं धरू नका. त्या मापाची चौकट वर्गाच्या फरशीवर मास्किंग टेपनं आखा आणि तिचे नऊ चौकोन करा. वर्ग लहान असेल तर सोसायटीच्या गच्चीवर आखा, पण चप्पल-बूट घालून नाही आणि घुंगरू बांधूनही नाही. गच्ची फक्त जागा पाठ करायला. सिमेंटवर ततकाराचा रियाज केला की टाच आणि नडगी धरतात.

एक पाऊल साधारण दीड फूट धरा. चरणाच्या शेवटच्या चार रिकाम्या मात्रांत मात्रेला एक पाऊल टाकलं तर सहा फूट जाता येतं, दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगानं, चाललं तर बारा. म्हणजे त्या तीन सेकंदांत एक चौकोन ओलांडता येतो, दोन नाहीत. १६० च्या लयीत चार मात्रा दीड सेकंदात संपतात. तिथे बारा फूट जायला सांगितलंत तर मुली पळतील आणि घुंगरांचा नुसता गोंगाट होईल. जागा शब्दांमध्ये नाही, शब्दांच्या फटीत बदला. या वृत्तानं तुम्हाला फटी आयत्या दिल्या आहेत.

वही अशी करा: एका आवर्तनाला एक पान. वर सोळा मात्रांची ओळ, तिच्याखाली शब्द किंवा बोल, तिच्याखाली हात-पाय-नजर, आणि तळाला नऊ चौकोन. मुलींना क, ख, ग, घ, च, छ अशी अक्षरं द्या. प्रेक्षक कायम पानाच्या खालच्या बाजूला. काही पानांवर प्रेक्षक खाली आणि काहींवर वर काढले की डावं-उजवं उलटतं, मग तालमीत दोन मुली एकमेकींवर आदळतात आणि चूक त्यांची समजली जाते.

द्रुत भागात नवं काही रचायच्या फंदात पडू नका. येणाऱ्या साहित्यातून निवडा. चौथ्या चरणात ढग तटावर धडका देणाऱ्या हत्तीसारखा दिसतो असं आहे, म्हणून पखावजाच्या वजनदार बोलांची एखादी परण इथे शोभेल. शेवटी तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा बोल. समेपासून पुढच्या समेपर्यंत मोजताना दोन्ही समा धरून १७ मात्रा येतात: पाच मात्रांचा बोल, एक मात्रा दम म्हणजे विराम, पुन्हा पाच, एक, पाच. सोळाच धरल्यात तर तिहाई समेच्या आधीच संपेल. दम विसरलात तर पंधरा होतात, मग तीच तिहाई तिसऱ्या मात्रेपासून उचलावी लागते. बोलाचे तीन पल्ले आणि तीन जोड्या: एकेक पल्ला एकेका जोडीला, ज्यांचा नाही त्या स्थिर, आणि शेवटच्या थेईला सहाही जणी. सोपं आहे आणि हमखास उठतं.

त्या समेवरच ८० ला उतरून 'वप्रक्रीडा' सुरू होतं. सव्वा मिनिट द्रुत नाचून छाती धपापत असते. म्हणून पहिल्या आठ मात्रा, म्हणजे सहा सेकंद, कोणालाच हलवू नका. श्वास बसू द्या, शब्द गायिकेला म्हणू द्या.

आता ताईंबद्दल. 'कसं करू?' हा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. प्रत्येक वेळी तयार केलेलं काहीतरी न्या आणि एकच नेमका प्रश्न विचारा.

पहिल्या भेटीत नाच नकोच. वर दिलेला ४०० सेकंदांचा आराखडा आणि चरणांची पानं न्या, आणि सबंध रचना ताईंसमोर हातावर ताल देत म्हणून दाखवा, थांबण्याच्या मात्रांसकट. कागदावरची चूक पाच मिनिटांत सुधारते. सहा शरीरांत बसलेली चूक काढायला दोन दिवस जातात. ताई कुठे भुवई उचलतात ते लक्षात ठेवा.

दुसऱ्या भेटीला एकच चरण न्या, पण दोन रूपांत, दोन मुली घेऊन. मार्गदर्शनाचा खरा फायदा इथेच होतो. एकच रूप दाखवलं की गुरू ते दुरुस्त करतात, आणि ते त्यांचं होतं. दोन दाखवलीत की त्या निवडतात आणि का निवडलं ते सांगतात. ते 'का' वहीत लिहा, बदल नंतर. 'दुसऱ्या रूपात हात आधी पोचतो, नजर मागून येते' हे एक वाक्य तुम्हाला पुढच्या दहा जागी उपयोगी पडेल.

तिसऱ्या भेटीला श्लोकाचा अर्धा भाग सहा जणींसह. आधी गोष्ट सांगू नका, नुसतं करून दाखवा, मग विचारा: 'ताई, दुसऱ्या चरणात तुमची नजर कोणाकडे गेली?' त्यांचं उत्तर मागच्या रांगेतली मुलगी असेल, तर तिथे पुढची फार हलतेय किंवा मागची फार चांगली करतेय. 'छान झालंय का?' असं विचारलंत तर छान झालंय एवढंच उत्तर मिळेल. ताईंनी एखादी जागा बदलली आणि तुम्हाला ती पटली नाही, तर त्यांचं रूप आठवडाभर मनापासून करा, मग दोन्ही शेजारी-शेजारी दाखवा. न करता वाद घातला तर दोघींचाही वेळ जातो, आणि आठवडाभरात पुष्कळदा आपलंच मत बदलतं.

दीड तासाच्या एका तालमीत ३० ते ४० सेकंदांहून जास्त बसवू नका. ४०० सेकंदांना दहा-बारा तालमी, आणि सफाईला तेवढ्याच. आठवड्याला तीन तालमी धरल्या तर आठ आठवडे, शिवाय आजारपण आणि परीक्षा यांसाठी दोन. दर तालमीचं चित्रण करा: फोन तिपाईवर, मधोमध, सगळी चौकट दिसेल एवढा लांब. सेल्फी कॅमेऱ्यानं करू नका, पडद्यावर डावं-उजवं उलटं दिसतं आणि वहीशी जुळत नाही. तालमी लहऱ्यावर, म्हणजे ताल दाखवणाऱ्या सुरांच्या आवर्तनावर, चालतील, पण तबलावादक शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा यायला नकोत. त्या रिकाम्या सोळाव्या मात्रेला ते ठेका भरतील की मोकळी सोडतील, हे आधी ठरवावं लागतं. मी त्यांना मोकळी सोडायला सांगेन.

जमलं तर सगळ्या जणी एकदा पावसाळ्यात रामटेकला जाऊन या. नागपूरहून सुमारे ५० किलोमीटर आहे, आणि रामगिरी म्हणजे रामटेक हे मत आपले संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी पुराव्यांनिशी मांडलं आहे. 'आश्लिष्टसानु' म्हणजे शिखराला मिठी मारलेला. ढग टेकडीवर वरून टेकतो की बाजूनं सरकत येऊन बिलगतो, ते तिथे उभं राहून बघा. दोन्हींसाठी हात वेगळे चालतात.

सभागृहातल्या रंगीत तालमीत प्रकाशवाल्याला एकच खूण पक्की द्या: शेवटच्या 'ददर्श'नंतरच्या चार रिकाम्या मात्रांत दिवे हळूहळू विझवायचे, आधी नाही. ते तीन सेकंद सहाही जणी एकाच उंचीवर, प्रेक्षकांच्या मागच्या रांगांच्याही थोडं वर, बघत राहतील. नजरेची ती जागा सभागृहात पोचल्याबरोबर ठरवून सगळ्यांना बोटानं दाखवून ठेवा.